डिचोलीचा पूल, तीस एस्कुदोंची नोट आणि केबलवरचा अर्धा तास

गोवा मुक्तीच्या आठवणींवरच्या आमच्या कार्यक्रमाचा डिचोलीच्या पुलावरचा भाग गेल्या शनिवारी रात्री लोकल केबलवर लागला. प्रश्न नववी-दहावीच्या मुलांचे, कॅमेरा त्यांच्याच हातात, एडिटिंगही त्यांचंच. पोर्तुगीज राजवट संपली त्या काळातल्या आठवणी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून गोळा करायच्या असं मागे ठरलं होतं, त्याची ही पुढची हकीकत.

१८ डिसेंबर १९६१च्या पहाटे भारतीय सैन्य गोव्यात शिरत असताना पोर्तुगीजांनी माघार घेता घेता डिचोलीचा पूल उडवला. पाठोपाठ अस्नोड्याचा आणि कोलवाळचाही. दुसऱ्या दिवशी रात्री गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. पुस्तकांत पुलाच्या वाट्याला एखादी ओळ येते. आम्हांला हवं होतं ते त्या पहाटे पुलाच्या आसपासच्या घरांत काय चाललं होतं ते. तेव्हा दहा वर्षांची असलेली माणसं आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत, म्हणून बाकीचे सगळे विषय बाजूला ठेवून हा आधी घेतला.

‘मुक्तीबद्दल काय आठवतं?’ असं विचारलं की जो तो एकच सांगतो: पाखले (म्हणजे पोर्तुगीज) गेले, तिरंगा आला. खरं आहे, पण त्यात त्या माणसाचं स्वतःचं काही नसतं. म्हणून मुलांनी प्रश्न बदलले. त्या रात्री तुम्ही कुठं झोपला होता? शेजारी कोण होतं? गुरांचं काय केलंत? या शेवटच्या प्रश्नावर एक आजी थोडा वेळ गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, ‘बाबांनी दावी सोडली नाहीत, कोयत्यानं कापली.’ गाठ सोडायला एरवी किती वेळ लागतो? तेवढाही धीर नव्हता. दावं कापणं म्हणजे घरातली वस्तू नासणं, आणि वडिलांनी ते केलं म्हणून त्या मुलीला कळलं की काहीतरी मोठं घडतंय. मला हे अख्ख्या भागातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाटतं.

याच आजींनी पत्र्याच्या डब्यातून एक नोट काढली. बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेची, १९५९ची, तीस एस्कुदोंची. कॅमेऱ्यावरच्या मुलीनं ती टेबलावर ठेवून घेतली नाही, आजींच्या तळहातावरच राहू दिली. घडीवर विरलेला कागद आणि त्याखालचा अंगठा, दोन्ही एकाच चौकटीत. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं. मग दुसऱ्यानं विचारलं, तीसचीच नोट का, पंचवीसची का नाही? उत्तर त्यानंच शोधून आणलं. पोर्तुगीज गोव्याचं जुनं चलन रुपी जाऊन एस्कुदो आला तेव्हा एका रुपीला सहा एस्कुदो असा भाव ठरला, म्हणजे तीसची नोट ही जुनी पाच रुपींची नोट. साठची दहाची. बाजारातल्या माणसाला हिशेब तोंडपाठ राहावा अशी ती सोय. हे गणित त्यानं फळ्यावर मांडून दाखवलं आणि आम्ही ते तसंच भागात घेतलं.

आवाजाबद्दल थोडं, कारण विचारणा बरीच होते. कॉलरमाईक पदराला लावू नका, कापड सळसळतं. ब्लाऊजच्या काठाला लावा. पंखा बंद. जोराचा पाऊस कौलांवर सुरू झाला की शूटिंग थांबवा, नंतर तो आवाज निघत नाही. आजी-आजोबा कोकणीत बोलतात, निवेदन मराठीत असतं. त्यांचं बोलणं आहे तसं ठेवतो, खाली मराठी पट्टी देतो. प्रसारणासाठी अर्धा तास कापतो, पण मूळ रेकॉर्डिंग एका सेकंदाचीही काटछाट न करता दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत जातं. कुठल्या मिनिटाला काय आलं याची वही मुलं हातानं लिहितात. आपला खरा ठेवा ती वही आणि ते मूळ रेकॉर्डिंग, असं माझं ठाम मत आहे.

मग केबलवर लावायचं कशासाठी? रविवारी सकाळपासून फोन वाजायला लागला, त्यासाठी. बघणारे याच गावचे, त्यांतले काही त्या पहाटे तिथंच होते. नदीच्या पलीकडच्या एका आजोबांचं म्हणणं, स्फोट अंधारात नाही झाला, चांगलं उजाडलं होतं, मोडलेला पूल मी डोळ्यांनी पाहिला. छापील नोंदींत वेळ पहाटे पाचच्या अलीकडची आहे, आणि डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसातनंतर उगवतो. मुलांचा तर्क असा की आजोबांनी आवाज अंधारात ऐकला असेल, पूल उजाडल्यावर पाहिला असेल आणि दोन्ही आता एकत्र आठवत असतील. तर्क मला पटतो. तरीही आजोबांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड केलं आणि ते कुठं उभे होते ते नकाशावर खूण करून ठेवलं. पुढच्या भागाची सुरुवात त्यांच्यापासूनच होईल. घरी बसून नुसतं संग्रह करत राहिलो असतो तर हा माणूस आम्हांला भेटला नसता.

काही घरांनी बोलायला नकार दिला. त्या काळी पोर्तुगीज सरकारी नोकरीत असलेल्यांच्या घरात अजून संकोच आहे. तिथं आग्रह धरायचा नाही, हा नियम मुलांनी पहिल्या दिवशीच केला आणि तो पाळतात.

पुढचा विषय मुक्तीआधी भारतानं गोव्याच्या केलेल्या आर्थिक नाकेबंदीचा. हद्द बंद झाली, रेल्वे थांबली आणि बाजारात हॉलंडचे बटाटे आले, त्या वर्षांचा. त्या वेळची वजनमापं, दुकानाची खातेवही, परमिटचा कागद असं काही कुणाकडे असेल तर फोटो चालेल, वस्तू हातात धरून बोलणारं माणूस मिळालं तर फारच उत्तम. आणि अस्नोडा किंवा कोलवाळच्या पुलाजवळ ती पहाट काढलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर जरूर कळवा. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की मुलं कॅमेरा घेऊन यायला तयार आहेत.