200 मिलीची बाटली आणि 19 दिवस

घरी रम चाखायला आणि तिची कॉकटेल्स करायला कसा शिकलो, हे लिहायला बसलोय. पण डोक्यात अजून ते कुरिअरचं काउंटरच फिरतंय, तेव्हा सांभाळून घ्या.

नाशकात रमचा नाद लागलेल्या माणसाकडे लोक जरा दयेने बघतात. इथे जो तो वाइनवाला. त्याचा फायदा एवढाच की दांडीचे छोटे ग्लास विकत घ्यावे लागले नाहीत. पाहुण्यांना वाइनरी दाखवायला नेऊन नेऊन घरात आठ जमलेत. दारू पिण्याच्या परवान्याचं कामही सोपं. वय 25 पूर्ण असलं की झालं. वर्षाचा 100 रुपयांत मिळतो, मी 1000 भरून आजन्म काढला. बायको म्हणाली, "एवढा विश्वास स्वतःवर?"

चाखणं तीन बाटल्यांवर सुरू केलं. ओल्ड मंक मी कॉलेजपासून पितोय, पण कोकशिवाय कधी तोंडात घेतलीच नव्हती. 15 मिली ओतली, तोंड किंचित उघडं ठेवून वास घेतला (नाक खुपसलं तर डोळ्यांतून पाणी येतं, विचारू नका कसं कळलं), मग चमच्याने चार थेंब पाणी. व्हॅनिला इतका स्वच्छ आला की वीस वर्षं वाया गेल्यासारखी वाटली. दुसरी जमैकाची. तिकडच्या काही रममध्ये आंबवण जास्त दिवस चालतं आणि तांब्याच्या भट्टीत गाळतात, त्यामुळे पिकून काळं पडलेलं केळं आणि अननस असा दणदणीत वास. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "केळी खराब झाली का रे?" तिसरी आपल्याकडचीच, चामीकर. संस्कृतात चामीकर म्हणजे सोनं. बहुतेक रम मळीपासून होते, ही थेट उसाच्या रसापासून. निफाडकडे कारखान्याजवळून ज्याची गाडी गेलीय त्याला मळीचा वास सांगायला नको. रसवंतीत ग्लास नाकाशी धरला की येतो तो वास वेगळा. फरक तेवढाच आणि तिथेच.

चाखताना चिवडा खाऊ नका. मी खाल्ला, आणि पुढच्या दोन्ही रमला लसणाचा वास आला.

तर आता मूळ रड. मला करायचं होतं क्वीन्स पार्क स्विझल. त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनमधल्या त्याच नावाच्या हॉटेलातलं कॉकटेल. खाली हिरवा पुदिना, मध्ये सोनेरी रम, वर अँगोस्टुरा बिटर्सचा, म्हणजे मसाल्यांच्या कडवट अर्काचा, लाल थर. पुदिना आहे, लिंबू आहे, रम आहे, बिटर्स नाही. मुंबईच्या एका दुकानातून 200 मिलीची बाटली मागवली. तीन दिवसांत येईल म्हणाले.

सहाव्या दिवसापर्यंत रोज मेसेज, 'पार्सल डिलिव्हरीसाठी निघाले आहे'. कुठे निघायचं कुणास ठाऊक. आठव्या दिवशी मीच अंबडच्या गोदामावर गेलो. नाव घेत नाही. काउंटरवरच्या पोराने बिल बघितलं.

"काका, यात दारू आहे."

एक तर काका. मी म्हटलं, "दारू नाही रे, थेंब थेंब टाकायचा अर्क आहे."

"बिलावर 44.7 टक्के अल्कोहोल लिहिलंय. दारू कुरिअरने चालत नाही."

मी परवाना काढला. लॅमिनेट करून घेतला होता, त्याचा मला अभिमान होता. त्याने उलटसुलट पाहिला. "हा प्यायचा आहे. तुम्हीच म्हणताय की हे पीत नाहीत." मग मी चूक केली. म्हटलं, अरे, हे मुळात औषध, 1824 साली व्हेनेझुएलात एका जर्मन डॉक्टरने पोटाच्या तक्रारींवर काढलेलं. पोरगं शांतपणे म्हणालं, "मग प्रिस्क्रिप्शन द्या."

म्हणजे दारू म्हटलं तर चालत नाही, औषध म्हटलं तर चिठ्ठी हवी, आणि मसाला म्हटलं तर विश्वास बसत नाही. "साहेब बघतील," म्हणाला. साहेब रजेवर.

बाराव्या दिवशी साहेब मीटिंगमध्ये. विक्रेत्याचं पत्र आणा असा निरोप. पत्र मोबाईलवर मागवलं, तर प्रिंट हवी. प्रिंट नेली, तर शिक्का हवा. एवढ्या दिवसांत मुंबईची पालखी पायी शिर्डीला जाऊन परतली असती. आणि मी घरी रोज संध्याकाळी बिटर्सशिवाय स्विझल करत बसलो होतो. गोड, आंबट, थंड आणि पोकळ. हिंग न घातलेल्या आमटीसारखं.

सतराव्या दिवशी कॉलेज रोडच्या एका किराणा दुकानात सोया सॉस घ्यायला गेलो. व्हिनेगरच्या शेजारी तीच बाटली! बाटलीपेक्षा कागद मोठा, पार मानेपर्यंत चढलेला, त्यामुळे लांबूनच ओळखली. तुम्ही शहाणे असाल तर सगळ्यात आधी अशा दुकानात विचारा. मी घेतली नाही. इतके दिवस थांबल्यावर आता माघार घेतली असती तर ते पोरगं जिंकलं असतं.

एकोणिसाव्या दिवशी साहेब सापडले. त्यांनी खोकं हातात घेतलं, बिल वाचलं, म्हणाले, "हे तर हॉटेलवाल्यांचं नेहमी जातं. का अडवलंय?" दीड मिनिट. सही केली, निघालो. गाडीत बसून मोठ्याने हसलो, मग चिडलो, मग पुन्हा हसलो.

आता कृती. पुदिन्याची आठ-दहा पानं उंच ग्लासच्या तळाशी, वर साखरेचा पाक 15 मिली, लिंबाचा रस 25 मिली, रम 60 मिली. लिंबू आपलं कागदीच, त्याचाच कडक आंबटपणा लागतो. बर्फ बारीक हवा. मिक्सरमध्ये घातला तर पाणी होतं, म्हणून स्वच्छ पंचात बांधून बत्त्याने कुटा. ढवळायला तिकडे फांद्यांची काठी दोन तळहातांत धरून फिरवतात. फोटो बघितला आणि लक्षात आलं, ही तर रवी! आईची रवी उचलली तर तिने नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी भांडी बाजारातून छोटी लाकडी रवी आणली, वेगळी, माझी. ताक घुसळतात तसं फिरवायचं, ग्लासला बाहेरून पांढरं दव धरेपर्यंत. मग वर आणखी बर्फ, आणि बिटर्सचे पाच-सहा झटके.

लाल रंग बर्फातून हळूहळू उतरला, अर्ध्यावर थांबला. लवंग, दालचिनी आणि कडवटपणा आधी नाकात, मग खालून रम. पोकळी भरली. तेवढ्यात फोन वाजला, 'पत्ता न सापडल्याने आपले पार्सल परत पाठवण्यात येत आहे'.

हो, आणि पुदिना रवीने जोरात चेचू नका, कडू होतो. पानं तळहातावर एकदा आपटून टाकली की पुरे.