चित्र गेलं, आवाज राहिला

पोळ्याला आठ-दहा दिवस असतील. सांजच्याला वीज अशी कडाडली की लाइट गेली, आली, परत गेली, आणि परत आली तेव्हा आमच्या टीव्हीचं चित्र गेलेलं होतं. आवाज मात्र ठणठणीत. काळ्याकुट्ट पडद्यामागून मोटू समोस्यांसाठी गळा काढत होता आणि पतलू त्याला समजावत होता.

तालुक्याच्या मेकॅनिकनं टीव्ही उघडून पाहिला. म्हणे, पडद्यामागची लाइटची पट्टी जळली, पार्ट नागपूरहून बोलवावा लागते, आता पोळा झाल्यावरच. सोयाबीनमध्ये पाणी साचलेलं, डवरणी अडलेली, शाळेच्या वाटेवरचा नाला भरलेला. घरात तीन पोट्टे, एक माझी आणि दोन भावाचे. त्यांनी पहिल्या दिवशी रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून काळ्या पडद्यासमोर बसून कार्टून ऐकायला लागले. नजर मात्र पडद्यावरच. सवय.

खुशी झाली ती माझ्या मायला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं ते काही लागी लागलं नाही, दुसऱ्याला ती हात लावू देत नाही. पाच वर्षांपासून ती टीव्ही ऐकतेच. भिंतीला टेकून वाती वळत म्हणाली, "चित्र गेलं तं जाऊ द्या ना बापा, बोलते तं हाये. आता समजन तुमाले, माहं कसं होते."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती एकदम म्हणाली, "हे दोघं नाहीत. एकच मानूस हाये."

पोट्टे हसले. मोटूचा आवाज घोगरा, घाईचा. पतलूचा बारीक, शहाण्या माणसाचा. एक कसा असेल?

"कायावरून?" मी विचारलं.

"दम आईक ना. जाड्याचा दम अन् बारक्याचा दम एकाच जागी तुटते."

मी मोबाइलवर शोधलं, आणि गप्पच बसलो. मोटू आणि पतलू दोघांचाही आवाज सौरव चक्रवर्ती नावाच्या एकाच कलावंताचा. २०१२ पासून ही जोडी टीव्हीवर आहे, आमच्या घरात रोज तासभर तरी असेल, आणि धडधाकट डोळ्यांच्या सहा माणसांपैकी एकालाही हे कळलं नव्हतं. चित्र समोर असलं की कान सुटीवर जातो बहुतेक.

मग मला तो नादच लागला. पावसात दुसरं करायचं तरी काय? हेच सौरव चक्रवर्ती हिंदीत ऑगीच्या कार्टूनलाही बोलले आहेत. ते कार्टून मुळात फ्रान्सचं, १९९८ पासूनचं, आणि गंमत अशी की मुळात त्यात कोणी बोलतच नाही. बोका आणि झुरळं, नुसती हाणामारी. हिंदीत आणताना कोणाच्या तरी डोक्यात आलं की यांना बोलतं करावं. ऑगी बोक्याच्या तोंडी शाहरुखचा ढंग, दुसरा बोका जॅक, त्याच्या तोंडी सनी देओलचा. मूळ कार्टून असतं तर त्या आठवड्यात आमच्या घरात फक्त भांडी पडल्याचा आवाज आला असता.

पण खरं सांगू का, शाहरुखसारखं बोलणं मला त्यातलं सोपं काम वाटतं. नकल्या आमच्या प्रत्येक गावात एक असतोच. त्याचं ऐकताना आपल्याला ज्याची नक्कल तो माणूस आठवतो आणि आपण हसतो. पतलूचं तसं नाही. पतलूसारखा माणूस आधी कुठे नव्हताच. त्याला नुसत्या गळ्यातून जन्माला घालायचं, आणि मग वर्षानुवर्षं तो तसाच ठेवायचा, पडसं असो की घरात मयत असो.

डोरेमॉन बाई आहे हे कळल्यावर पोट्ट्यांना जो धक्का बसला तो विचारू नका. २००५ पासून कितीतरी वर्षं डोरेमॉनला हिंदीत सोनल कौशल बोलल्या. बरीच वर्षं छोटा भीमही त्याच बोलत होत्या. म्हणजे आमच्या अंगणात काठी घेऊन भीम झालेला भावाचा थोरला एका बाईची नक्कल करत होता. नॉडी आणि निंजा हातोरी यांच्यामागे मेघना एरंडे, आपल्या मराठीच. याचं कारण सरळ आहे: खऱ्या पोराचा आवाज दोन-चार वर्षांत फुटतो आणि कार्टूनचं पोरगं तर कधी मोठं होत नाही. बाईचा आवाज टिकतो.

आणि किती टिकावा? जपानच्या मासाको नोझावा. जन्म १९३६चा. 'ड्रॅगन बॉल'मधला गोकू, तो केस ताठ करून डोंगर फोडणारा पैलवान, १९८६ पासून त्यांच्या आवाजात बोलतो. गोकूची दोन पोरं गोहान आणि गोतेन, तीही त्याच. गोकूचा बाप बारडॉक, तोही. तीन पिढ्या एका गळ्यात, आणि बाप-लेक समोरासमोर बोलतानाही कोण कोण ते ओळखू यावं. मायला सांगितलं तर तिचा हात वातीवरच थांबला.

"माह्यापेक्षा मोठी?"

"हाव. तीन वर्षांनं."

"अन् वरडते? मंग तिचे दात हायेत का?"

दातांचं मला काही सापडलं नाही.

अमेरिकेत तर यांची वेगळीच जात आहे. फ्रँक वेल्कर १९६९ पासून स्कूबी-डूमधल्या फ्रेडला बोलतात, आणि २००२ पासून स्कूबीलाही. कुत्रा तोच, त्याच्यासोबतचा माणूसही तोच. 'अलादीन'मधलं माकड अबू, तेही वेल्करच. टॉम केनी १९९९ पासून स्पंजबॉब, शिवाय त्यानं पाळलेली गोगलगाय. तारा स्ट्राँगचं नावही घ्यायलाच हवं. कार्टूनची अर्धी पोरंपोरी त्यांच्या गळ्यातली. तिकडे रीत अशी की साधारणपणे आवाज आधी भरतात आणि मग त्याबरहुकूम चित्रं काढतात. आपल्या डबिंगमध्ये उलटं. चित्राचे ओठ आधीच हलून गेलेले असतात, आपले शब्द त्यात कोंबायचे. हे दुसरं काम मला भरल्या बैलबंडीत आणखी दोन पोती बसवण्यासारखं वाटतं.

यांच्यात वस्ताद कोण, असं कोणी विचारलं तर मी डी ब्रॅडली बेकर यांचं नाव सांगेन. 'स्टार वॉर्स'च्या कार्टूनमध्ये एकाच माणसापासून बनवलेल्या शिपायांची फौज आहे. चेहरा एक, रक्त एक, आणि सगळ्यांचा आवाज बेकर यांचा. २०२१ साली आलेल्या 'द बॅड बॅच'मध्ये तर अशाच पाच जणांची टोळी आहे; पाचही जण आपसात भांडतात, चिडवतात, रुसतात, आणि माणूस एक. एक घोगरा आणि एक बारीक असे दोन टोकांचे आवाज काढणं एक वेळ जमेल. पण भावा-भावांचे आवाज? मी आणि माझा भाऊ फोनवर बोललो तर बायकांनाही फरक कळत नाही. मायला कळतो. तो जो एवढासा फरक तिला कळतो, तेवढाच फरक या माणसानं पाच वेळा घडवला आहे.

हेच बेकर जनावरांचेही आवाज काढतात. 'अवतार' नावाच्या मालिकेत सहा पायांचा, उडणारा एक मोठा केसाळ प्राणी आहे, आप्पा. तो एक शब्द बोलत नाही, पण रुसला की दमला ते कळतं. तो आवाज मी मोबाइलवर ऐकला आणि मला आमच्या गावचा जुना गायकी, म्हणजे गुराखी, आठवला.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या कपिलीचं वासरू साप चावून मेलं. तिसऱ्या दिवसापर्यंत गाय पान्हा सोडेना, कास दगडासारखी झालेली. बाबांनी गायकी बुढ्याला बोलावलं. तो गावभर जनावरांच्या बोलीसाठी नावाजलेला. आम्ही पोट्टे गोठ्याच्या दारात. आमच्याकडे पाहून त्यानं आधी वासराचा आवाज काढला, मोठा, झकास. आम्ही टाळ्या वाजवल्या. कपिलीनं मान पण वळवली नाही.

मग त्यानं आम्हाला हाकलून दिलं. मी फटीतून पाहत राहिलो. बुढा खाली बसला, दोन्ही हात भुईला टेकले, गुडघे वाकडे, मान खाली घालून वर उचललेली, उठता न येणाऱ्या वासरासारखी. किती तरी वेळ काहीच नाही, नुसतं धापणं. मग एक आवाज आला, इतका बारीक की दारातल्या टाळीवाल्यांना ऐकूही आला नसता. कपिलीचे कान फिरले. तिनं हंबरून उत्तर दिलं, आणि बाबांच्या हाताखाली धार चरवीत वाजली.

माइकसमोर हे कलावंतही उभे राहून हात फेकतात, वाकतात, तोंडं वेडीवाकडी करतात. फटीतून पाहिलं नसतं तर त्याचं कारण मला कधी कळलं नसतं.

तान्हा पोळा झाला. पोट्ट्यांचे लाकडी बैल मिरवून आले, बोजारा, म्हणजे पोट्ट्यांची ओवाळणी, जमला, आणि दुसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्त होऊन आला. बिल ऐकून मी मेकॅनिकला दोन शब्द ऐकवले, त्यानं मला चार. चित्र लागताच पोट्टे नाचले. आठ-दहा मिनिटांनी धाकट्याला काय वाटलं कोण जाणे, आजीजवळ सरकून सांगू लागला, "आजी, मोटूनं लाल सदरा घातला आहे. त्याच्यावर निळी जाकीट. मोठ्या मोठ्या मिशा. पतलूचा पिवळा."

माय ऐकत होती. वात पुरी झाली, तळहातावर ठेवून तिनं ती दुसऱ्या हातानं फिरवली.

"नाही रे बापा," ती म्हणाली. "माहा मोटू धोतर नेसते."