मधलं नाव

आमच्या नेरूळच्या सोसायटीतला नावांचा बोर्ड यंदाच्या पावसात गेला. पेंटरने ब्रशने रंगवलेला, पिवळ्यावर लाल अक्षरांचा बोर्ड होता. पोपडे धरले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाचं आडनाव अर्धंच उरलं. नवा करायचा म्हणून सेक्रेटरींनी रविवारी दुपारी, ऐन वामकुक्षीच्या वेळेला, आम्हा दोघातिघांना पंपाच्या खोलीशेजारच्या ऑफिसात बोलावलं. हल्ली पेंटर मिळत नाहीत. अ‍ॅक्रिलिकची सुटी अक्षरं कापून चिकटवतात आणि हिशेब दर अक्षराला. ‘काना-मात्रेचे वेगळे का हो?’ हे सेक्रेटरींनी दुकानदाराला फोनवर विचारून घेतलं होतं. काना-मात्रा फुकट, जोडाक्षराला मात्र दीड अक्षराचे पैसे. त्यावर एका हिशेबी सभासदाने तोडगा काढला: मधलं नाव हवंय कशाला? आद्याक्षर टाका. पैसेही वाचतील, बोर्डही सुटसुटीत दिसेल.

माझी एक खोड आहे. मी मधलं नाव पूर्ण लिहितो. चेकवर, कुरियरच्या पावतीवर, अहेराच्या पाकिटावरसुद्धा. सुधीर गजानन, आणि मग आडनाव. बायको म्हणते, पाकिटावर जागा उरली असेल तर पिनकोडही घाला. ज्या फॉर्मात नावाला दोनच चौकोन असतात, फर्स्ट नेम आणि लास्ट नेम, तो भरताना माझं डोकं फिरतं. मधल्या माणसाने जायचं कुठे? विमानाच्या तिकिटावर त्याला पहिल्या चौकोनात कोंबावं लागतं आणि मग कंपनीचा मेसेज येतो, ‘प्रिय सुधीरगजानन’. बापलेक एकाच सीटवर.

तर मी विरोध केला. कुणी ऐकलं नाही. आद्याक्षरंच बसली.

वास्तविक आद्याक्षरांनी आमच्या इमारतीत काही भागत नाही. तीन पाटील आहेत आणि त्यातल्या दोघांची आद्याक्षरं सारखी. वॉचमन कुरियरवाल्याला ‘कुत्रावाले पाटील’ आणि ‘गच्चीवाले पाटील’ असंच सांगतो. नवी मुंबईत नुसत्या आडनावाने माणूस सापडत नाहीच. विमानतळाला ज्यांचं नाव द्यावं म्हणून इथल्या गावागावांतून माणसं रस्त्यावर उतरली, ते दि. बा. पाटील सगळ्या आगरी-कोळी मुलखाला ‘दिबा’ म्हणूनच ठाऊक. दि म्हणजे दिनकर आणि बा म्हणजे त्यांचे वडील बाळू. आडनाव गळलं, बाप राहिला.

तिसऱ्या मजल्यावरच्या सुंदरम काकांची अडचण वेगळीच. सेक्रेटरी आडनावांच्या अकारविल्हे यादी लावत होते आणि काकांना आडनावच नाही. त्यांच्या नावाआधी ‘के’ आहे तो त्यांच्या वडिलांचा. मुलाच्या नावाआधी ‘एस’ आहे तो काकांचा. बाप पुढे, मुलगा मागे. तमिळनाडूत १९२९ साली चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची परिषद भरली, तिथे नावापुढची जात टाकून द्यायचा ठराव झाला आणि पेरियारांनी आपलं ‘नायकर’ सोडलं. हे मला काकांनीच सांगितलं, लिफ्ट बंद होती तेव्हा, भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्यात टेकल्या टेकल्या. आपल्याकडे आडनाव कळल्याशिवाय चहाचा कप पुढे सरकत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. इतकी वर्षं इथे राहिलेत, त्यांना माहीत असणारच.

विश्वनाथन आनंदचं तसंच आहे. आनंद तो स्वतः, विश्वनाथन त्याचे वडील. पण बाहेरच्या बुद्धिबळवाल्यांनी पहिलं ते नाव असं धरलं आणि लाडाने त्याला ‘विशी’ म्हणायला लागले. पाच वेळा जगज्जेता झालेला माणूस, आणि अख्खं जग त्याला वडिलांच्या नावाने हाक मारतं. म्हणजे आमच्या वर्गासारखंच की.

आमची शाळा ठाण्याला, नौपाड्यात. तिथे एकमेकांना वडिलांच्या नावाने चिडवायचं हा पाचवीपासूनचा रिवाज. कुणी सुरू केला, का केला, विचारू नका. तुमच्याही शाळेत होताच. वडिलांचं नाव फुटेपर्यंत मुलगा सुरक्षित. बाई कॅटलॉग उघडून पूर्ण नावाने हजेरी घ्यायच्या तो जूनमधला पहिला आठवडा धोक्याचा, कारण मागच्या बाकांवर कान टवकारून बसलेली मंडळी असायची. त्यातही नशिबाचा भाग होता. वडील विजय किंवा अशोक असले तर त्या पोराच्या वाटेला कुणी जात नसे. त्यात मजाच नाही. पण धोंडू, दगडू, पांडुरंग, गजानन हाती लागले की वर्षभराची सोय. एका पठ्ठ्याने वडिलांचं नाव ‘राजेश’ आहे असं ठोकून देऊन पहिल्या दोन चाचण्या निभावल्या. मग प्रगतिपुस्तकं सहीसाठी घरी गेली. परत आली तेव्हा त्याच्या वडिलांनी सहीखाली, वाचता यावं म्हणून, वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं होतं: सखाराम. दहावीच्या निरोप समारंभापर्यंत तो सखाराम होता.

मधल्या सुट्टीतल्या मारामाऱ्यांचं कारणही तेच. ‘बाई, हा माझ्या बाबांचं नाव घेतो!’ ‘मग? नाव घ्यायलाच ठेवलेलं असतं.’ बाईंना त्यातलं गांभीर्य कधी समजलंच नाही.

माझा जिगरी दोस्त यशवंत. म्हणजे त्याचे वडील यशवंत. त्याचं स्वतःचं नाव मलाच आठवून सांगावं लागतं. आम्ही राममारुती रोडच्या मागे चाळीत राहायचो. संध्याकाळी तो खाली उभा राहून ओरडायचा, ‘ए गजाननऽऽ, येतोस का?’ एका सुट्टीच्या दिवशी बाबा दाढी करत होते. तोंडाला साबण तसाच, एका हातात ब्रश, असे ते गॅलरीत आले, कठड्यावरून वाकले आणि म्हणाले, ‘येतो की. कुठे जायचंय?’

यशवंत जो पळाला तो थेट गोखले रोडपर्यंत. आठवडाभर चाळीकडे फिरकला नाही. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बाबा चहा पिता पिता मला विचारायचे, ‘आज मला बोलवायला कुणी आलं नाही?’

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना नुसत्या नावाने हाक मारणारी माणसंही एकेक करून गेली. आईने तर ती कधी मारलीच नव्हती. हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आता घोडबंदरला राहणारा यशवंत फोन करतो आणि ‘काय गजानन, जेवलास का?’ म्हणतो. गजानन हे नाव मोठ्याने घेणारा तो एकटाच राहिला आहे, आणि तेही चिडवायला.

रशियात हेच आदराने करतात. शिक्षकांना, डॉक्टरांना, साहेबाला हाक मारायची तर त्यांचं नाव आणि लगेच वडिलांचं. इव्हान पेत्रोविच म्हणजे पेत्रचा मुलगा इव्हान. बाई असतील तर आन्ना पेत्रोव्हना. आडनाव लागतच नाही. वडिलांना वगळून नुसतं नाव घेतलं तर ती सलगी. (तिथली पोरं मग एकमेकांना चिडवतात तरी कशाने?)

आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतंच. योनचा मुलगा योन्सन, योनची मुलगी योन्सडोटिर. पण या योन्सनचा मुलगा योन्सन नव्हे, तो आपल्या बापाच्या नावावर चालणार. आईबाप आणि मुलगा-मुलगी अशा चौघांच्या घरात दारावर चार वेगळी नावं. टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावाने लावलेली. व्हिग्दिस फिनबोगाडोटिर १९८० साली राष्ट्राध्यक्ष झाल्या, तरी लोकांच्या तोंडी नुसत्या व्हिग्दिस. २०१६ च्या युरो कपात या चिमुकल्या देशाने इंग्लंडला घरी पाठवलं, तो सामना मी मध्यरात्री जागून पाहत होतो. ज्याच्या त्याच्या जर्सीवर शेवटी ‘सन’. बायको पाणी प्यायला उठली, टीव्हीकडे बघून म्हणाली, ‘सगळे भाऊ आहेत का?’

असं दर पिढीला बदलणारं नाव कुठल्याही सरकारी टेबलावर टिकायचं नाही. डेन्मार्कमध्ये १८२८ साली फर्मान निघालं की घराण्याला एकच कायमचं नाव हवं. पुढे हळूहळू ते लोकांच्या गळी उतरलं. मग जो हान्सचा मुलगा म्हणून हान्सन होता, त्याची नातवंडं-पतवंडंही हान्सन, बापाचं नाव काहीही असो. बिचाऱ्या हान्सच्या नावावर आज केवढी प्रजा खपते आहे! आमच्या इथे उल्हासनगरच्या लग्नपत्रिकांमध्ये ‘आणी’ने संपणारी जी सिंधी आडनावं दिसतात, त्यांच्यातही असाच कुणीतरी खापरपणजोबा गोठून बसलेला असतो. आणि आपले स्काउटवाले बेडन पॉवेल? वेल्समध्ये हॉवेलचा मुलगा तो ‘अप हॉवेल’, त्याचं झिजून पॉवेल झालं. त्यावर बेडन हे त्यांच्या वडिलांचं पाळण्यातलं नाव. वडील गेल्यावर आईने ते मुलांच्या आडनावाला जोडून टाकलं. खाकी चड्डी घालून आम्ही ज्यांच्या फोटोला तीन बोटांनी सॅल्यूट ठोकायचो, त्यांनाही बापाच्या नावानेच हाक मारत होतो. वर्गात हे तेव्हा कळायला हवं होतं.

हे सगळं मी रंगात येऊन बायकोला सांगत होतो. ती कपाटातली कागदपत्रांची फाइल लावत होती. तिने पॅन कार्ड आणि रेशन कार्ड काढून शेजारी शेजारी ठेवली. पॅनवर तिच्या वडिलांचं नाव, रेशन कार्डावर मधे माझं. म्हणाली, ‘कर भरताना मी माहेरची आणि धान्य आणताना सासरची. तुमचा गजानन निदान एका जागी बसून आहे.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी स्पेनमध्ये गेलो. तिथे बाई लग्नानंतर नाव बदलत नाही आणि मुलं दोन आडनावं लावतात, बहुतेक वेळा आधी वडिलांचं, मग आईचं. पाब्लो रुईज पिकासोने तर चित्रावर सही करताना वडिलांचं रुईज सोडलं आणि आईचं पिकासो तेवढं ठेवलं. आपल्याकडेही होतंच की, कौंतेय, राधेय. कर्णाला सारथ्याच्या घरच्या आईचं नाव लावण्यात कधी कमीपणा वाटला नाही. शिवाय सातवाहन राजे. मुलगी कॉलेजात असताना तिला मी मुद्दाम नाशिकला पांडवलेण्यांत नेलं होतं. तिथे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. ‘बघ,’ मी म्हटलं, ‘एवढा मोठा राजा, पण लावतो आईचं नाव.’ मुलगी तेव्हा काही बोलली नाही. घरी येऊन कुठेतरी वाचून म्हणाली, ‘बाबा, तिचं नाव बलश्री. गौतमी ती तिच्या माहेरच्या गोत्रावरून. म्हणजे फिरून फिरून तिच्या वडिलांकडचंच.’

त्याच मुलीला आता मुलगा झालाय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने नवा क्रम ठरवला आहे: बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. जन्मदाखला हातात आला तेव्हा मुलीने तो दोनदा वाचला, जावयाने एकदा. मला आपलं वाटलं, चला, पुढे शाळेत पोरांना चिडवायला दोन नावं झाली.

पण आईच्या नावाने कुणी चिडवेल असं वाटत नाही. आम्ही कधी चिडवलं नाही, कारण वर्गात कुणाच्याच आईचं नाव कुणाला माहीत नव्हतं. कॅटलॉगमध्ये नव्हतं, प्रगतिपुस्तकावर नव्हतं, हाक मारताना तर नव्हतंच. माझ्या आईचं नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून बदललं. आधीचं फक्त तिच्या भावंडांच्या तोंडी असायचं, आणि ते दिवाळीत आमच्याकडे आले की आम्हाला क्षणभर कळायचं नाही, कुणाला बोलावतायत. बँकवाले फोनवर ओळख पटवायला आईचं माहेरचं आडनाव विचारतात ते काही उगाच नाही. इतकं कडेकोट गुपित घराघरात दुसरं कुठलं मिळणार?

यशवंतच्या आईच्या हातची थालीपिठं मी शाळा सुटल्यावर कितीतरी वर्षं खाल्ली. गोळा थापताना मधे बोटाने भोक पाडून त्यात तेल सोडायची, आणि पहिलं माझ्या ताटात टाकायची. मी तिला काकू म्हणायचो, चाळ तिला यशवंतरावांच्या मंडळी म्हणायची. परवा एकदम लक्षात आलं आणि रात्री साडेनऊला त्याला फोन लावला.

‘तुझ्या आईचं नाव काय रे?’

‘का? बँकेतून बोलतोयस का? ओटीपी देणार नाही हं, गजानन.’

‘अरे खरंच विचारतोय.’

‘माहेरचं सांगू की सासरचं?’