मर्मर म्हणजे हृदयात छिद्रच असं नाही
भाचीला ताप होता म्हणून आज दवाखान्यात नेलं. छातीला स्टेथोस्कोप लावून डॉक्टर म्हणाले, "मर्मर ऐकू येतोय." मर्मर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांसोबत येणारा जादा आवाज. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मग डॉक्टरांनी भाचीला झोपवून, बसवून, उभं करून पुन्हा पुन्हा ऐकलं. उभी राहिली की आवाज जवळजवळ गायब! "इनोसंट, म्हणजे निरुपद्रवी मर्मर आहे, तापात जास्त ऐकू येतो. ताप उतरला की परत ऐकू. खेळू दे तिला." तीन ते सात वर्षांच्या मुलांत हा सर्रास आढळतो, इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टिल यांनी १९०९ मध्येच त्याचं वर्णन केलंय. तान्हं बाळ दूध पिताना दमत असेल, घामाघूम होत असेल, वजन वाढत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर मात्र अजिबात थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि डॉक्टरांनी टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी सांगितली, तर त्यात दुखत नाही हो, पोटाच्या सोनोग्राफीसारखीच तपासणी असते.