पुणे-ताम्हिणी-हरिहरेश्वर-दापोली-महाबळेश्वर: बाईकवरचा जीपीएस, त्याची वायर आणि त्याची निगा

परतीचा पाऊस अजून रेंगाळत होता तेव्हा आम्ही दोघं दोन गाड्या घेऊन पुण्यातून ताम्हिणीने खाली उतरलो, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याच्या जेट्टीने पलीकडे वेसवी, तिथून केळशी-आंजर्ले करत दापोली, आणि येताना खेड-पोलादपूरवरून आंबेनळी चढून महाबळेश्वर, वाई, घर. या रस्त्याचे फोटो आणि कुठे काय खायचं हे तुम्हाला ढिगाने मिळेल, त्यामुळे ते सोडून देतो. आल्यापासून जो तो एकच विचारतोय, की मोबाईल असताना वेगळं जीपीएस युनिट कशाला आणि घेतलं तर ते टिकतं का, म्हणून त्याबद्दलच लिहितोय. टिकतं. युनिट सहसा मरत नाही हो, त्रास देते ती वायर, माउंट आणि कोणीतरी कधीतरी करून ठेवलेली सेटिंग.

माझ्या गाडीवर गार्मिन कंपनीचं झुमो, म्हणजे खास बाईकसाठीचं जीपीएस युनिट आहे, मित्राने त्याच कंपनीचं जुनं मॉडेल सेकंडहँड घेतलंय. दोघांचेही मोबाईल खिशात. मोबाईल हँडलवर लावू नये असं माझं ठाम मत आहे आणि ते उगाच नाही, २०२१ मध्ये अ‍ॅपलनेच सांगितलंय की मोटरसायकलच्या इंजिनाची जोरदार थरथर सतत बसली तर आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिर ठेवणारी यंत्रणा खराब होऊ शकते. शिवाय उन्हात फोन तापून स्क्रीन मंद करतो आणि पावसात ओल्या काचेवर बोट लागत नाही, थेंबच आपापले झूम करत बसतात. आणि एवढं करून अडचणीच्या वेळी फोन करायला बॅटरी उरलेली नसते ते वेगळंच.

निघताना पहिली गोष्ट, युनिट सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालू करून "सॅटेलाइट मिळत नाहीये" म्हणून बोंब मारू नका, स्लॅबखाली कसं मिळेल. गाडी गेटबाहेर उघड्या आकाशाखाली काढा आणि हेल्मेट-ग्लोव्हज घालेपर्यंत त्याला एका जागी शांत उभं राहू द्या. प्रत्येक सॅटेलाइट आपली नेमकी जागा दर ३० सेकंदांनी सांगत असतो आणि ती माहिती साधारण चार तास चालते, म्हणजे चहाला थांबून परत निघालात तर युनिटला आपली जागा लगेच सापडते, पण महिनोन्महिने कपाटात पडलेलं युनिट सगळं पहिल्यापासून गोळा करतं. सगळ्या सॅटेलाइटची पूर्ण यादी यायलाच साडेबारा मिनिटं लागतात. चालत्या गाडीवर, त्यात बिल्डिंगांमधून, अजून वेळ खातं.

दुसरी गोष्ट नकाशा. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात पाडला आणि नवीन पूल-रॅम्प २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. मित्राच्या युनिटमध्ये त्याच्या आधीचा नकाशा होता, त्यामुळे बिचारं तिथे पूर्ण गोंधळलं, कधी सातारच्या हायवेवर दाखवतंय, कधी बावधनात. तिथे तर नवा नकाशा असला तरी एकावर एक रस्ते आहेत आणि तुम्ही वरच्या रस्त्यावर आहात की खालच्या हे जीपीएसला धड कळत नाही, तेव्हा चांदणी चौकात पाट्या वाचा, पौड-मुळशीचा रॅम्प डोळ्यांनी पकडा. कंपनीचा नकाशा अपडेट करायला जमत नसेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच मिळून बनवलेला खुला नकाशा) बनवलेले गार्मिनसाठीचे नकाशे फुकट मिळतात, मायक्रोएसडी कार्डावर टाकायचे. कोकणातले छोटे रस्ते मला त्यात जास्त बरे सापडले.

भूगाव-पिरंगुटच्या ट्रॅफिकबद्दल काही बोलत नाही. पौडच्या पुढे मोकळं झालं आणि मुळशी धरणाच्या कडेने जाताना पाऊस लागला, ताम्हिणीत तर समोरची गाडी दिसेना इतकं धुकं. बरेच जण म्हणतात ढगाळ हवेत जीपीएस चालत नाही, तसं नसतं, ढग-धुक्याने सिग्नलला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो कड्याने आणि दाट झाडीने, एका बाजूला उभा डोंगर असला की अर्धं आकाश झाकलं जातं आणि कड्यावर आपटून आलेला सिग्नल चुकीची जागा दाखवतो. घाटात बाण रस्त्याच्या बाजूला दरीत दिसला तर घाबरायचं काही नाही, पण पुढचं वळण किती टाईट आहे हे स्क्रीनवर बघून स्पीड ठरवणं हा निव्वळ गाढवपणा आहे. ताम्हिणीत मोबाईलची रेंज जाते तिथे मात्र युनिटचा खरा उपयोग कळला, त्याचा नकाशा त्याच्या पोटात असतो, नेट लागतच नाही.

घाट उतरून विळ्याच्या पुढे निजामपूरच्या आसपास मित्राचं युनिट मिचमिचायला लागलं. चार्जिंगचं चिन्ह जायचं, "बाहेरची पॉवर गेली, बंद होतोय" असा मेसेज यायचा, मग आपोआप परत चालू. आधी वाटलं पाणी गेलं. टपरीवर थांबलो, चहा येईपर्यंत स्क्रीनकडे बघत हँडल हळूहळू फिरवलं तर उजवीकडे पूर्ण वळवलं की चिन्ह गायब, सरळ केलं की हजर. टाकीच्या पुढे, हँडलचं स्टॉपर जिथे टेकतं तिथे वायर सापडली, बाहेरचं काळं कव्हर चपटं झालेलं आणि एका बाजूने तांब्याच्या दोन-तीन तारा बाहेर आलेल्या. ज्या गॅरेजने वायरिंग केलं त्यांनी वायर ताणून, सगळ्यात जवळच्या वाटेने नेली होती, दिसायला एकदम सुबक. प्रत्येक यू-टर्नला ती चिमटली जात होती. नशीब की फ्यूज होता, नाहीतर उघडी तार चेसिसला लागून काय झालं असतं कोण जाणे. टेप गुंडाळून आणि वायर सैल करून वेळ मारून नेली, दापोलीत एका वायरिंगवाल्या दादांकडून तो तुकडा बदलून हीट श्रिंक नळी (गरम केली की आकसून वायरला घट्ट बसते ती) चढवून घेतली.

तर वायरिंग करून घेताना समोर उभे राहा. पॉवर इग्निशनच्या नंतरची घ्या, चावी काढली की बंद झाली पाहिजे, थेट बॅटरीवर जोडलं तर चार्जर गाडी उभी असतानाही थोडा थोडा करंट पीत राहतो आणि आठवडाभर गाडी हलवली नाही की स्टार्टर नुसता टक-टक करतो. पार्किंग लाईटच्या वायरवरून टॅप घेतला तरी युनिटपुरता चालतो, पण मग त्याच वायरवर फोनचा फास्ट चार्जर लावू नका, जास्त सामान असेल तर रिले (विजेनेच चालू-बंद होणारा स्विच) टाकून बॅटरीवरून वेगळी लाईन ओढा. कंपनीच्या क्रेडलसोबत (युनिट ज्यात बसतं तो साचा) जो फ्यूज येतो तेवढ्याच अँपियरचा परत टाका आणि एक सीटखाली जास्तीचा ठेवा. आणि शेवटी हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरवून बघा, दोन्हीकडे वायर सैल राहिली पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे पण गॅरेजवाले ते करत नाहीत, गाडी स्टँडवर सरळ उभी असते ना.

माउंट एक इंची रबरी बॉलचं घ्या, आपल्या रस्त्यांना तेच झेपतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळे स्क्रू परत तपासा, नवीन माउंट थरथरीने सैल होतंच. युनिटला एक बारीक दोरी बांधून हँडलला अडकवलेली बरी, माझी कधी कामाला आली नाही पण काढणारही नाही.

हरिहरेश्वरहून पुढे सावित्रीची खाडी आडवी येते. माझं युनिट बागमांडला जेट्टीकडे बोलावत होतं आणि मित्राचं खाडीच्या वर वर जाऊन, आंबेतच्या पुलावरून केवढा तरी मोठा वळसा दाखवत होतं. आम्ही जेट्टीवर दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी धरून बघतोय तर तिथले एक काका म्हणाले, "अहो, त्या डब्यात काय बघताय, बोट समोर लागलेय की." झालं असं होतं की जुन्या मालकाने "फेरी टाळा" चालू ठेवलं होतं. सेकंडहँड युनिट घेतलं की पहिल्यांदा रीसेट मारा आणि टाळायच्या गोष्टींची यादी स्वतः बघा. त्यातच "कमी अंतर" आहे का तेही बघा, असेल तर "कमी वेळ" करा. केळशीच्या अलीकडे त्या "कमी अंतर" ने मित्राला एका पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेच्या तोंडाशी नेऊन उभं केलं, जांभ्याच्या पायऱ्या आणि दोन्हीकडे दगडी गडगे, बुलेट वळवायलाही जागा नाही. दोघांनी मागे ओढत बाहेर काढली.

अजून एक, पुण्याहून लोणावळा-मुंबईकडे जाणार असाल तर एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. युनिटला बाईक मोड असला तरी त्यावर विसंबू नका, जुन्या हायवेवरचा एखादा पॉइंट मध्ये टाकून घ्या म्हणजे तिकडे वळवणार नाही.

आता घरी कॉम्प्युटरवर रस्ता आखणाऱ्यांसाठी. जीपीएक्स फाइलमध्ये (आखलेला रस्ता युनिटमध्ये टाकायची फाइल) रूट आणि ट्रॅक असे दोन प्रकार असतात. रूट म्हणजे काही ठिकाणं, त्यांच्यामधला रस्ता युनिट स्वतःच्या नकाशावर आणि स्वतःच्या सेटिंगनुसार परत ठरवतं, त्यामुळे एकच रूट फाइल दोघांनी टाकूनही आमचे रस्ते वेगळे निघाले. ट्रॅक म्हणजे नुसती रेघ, ती बदलत नाही. मी दोन्ही टाकतो, ट्रॅक नकाशावर ठळक रंगात दाखवायचा आणि रूट बोलायला ठेवायचा. आवाज रेघ सोडून भलतीकडे बोलावायला लागला की थांबून विचारायचं, शक्यतो एसटी स्टँडजवळ, ड्रायव्हर-कंडक्टर लोकांना कुठला रस्ता खचलाय ते पक्कं माहीत असतं.

येताना कशेडीच्या नव्या बोगद्यात दोन्ही युनिटं आंधळी झाली, ते होणारच, बोगद्यात आकाश कुठलं. बाहेर आल्यावर काही सेकंद द्या. आंबेनळीत पाऊस नव्हता, मस्त चढलो. सुरूरवरून हायवेला लागल्यावर कळलं की गाडीच्या मीटरवर ६० असताना जीपीएस ५५-५६ दाखवतो, सरळ रस्त्यावर जीपीएसचंच खरं धरा, मीटर जरा जास्तच दाखवतात.

घरी आल्यावरचं काम लोक टाळतात. क्रेडलमधल्या पितळी पिनांवर खाऱ्या हवेने हिरवट-पांढरा थर चढला होता, बारीक पण नखाला जाणवेल इतका. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून साफ केला, पेट्रोल अजिबात नको, प्लास्टिक आणि रबर खातं. स्क्रीन आधी साध्या पाण्याने ओली करून मऊ कपड्याने पुसा, कोरडी पुसलीत तर रस्त्यावरची धूळ काचेवर घासली जाते. वॉटरप्रूफ म्हणजे आयपीएक्स७, एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही साचलेल्या पाण्यात. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाचा त्यात काही संबंध नाही, तिथे जाताना युनिट काढून खिशात टाका आणि क्रेडलवर प्लास्टिकची पिशवी बांधा. यूएसबीचं रबरी झाकण नीट बसलंय ना तेही बघा, ते सैल असेल तर सगळं वॉटरप्रूफ कागदावरच.

बराच काळ वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी भरून कपाटात ठेवा, पूर्ण भरून नाही आणि पूर्ण संपवून तर नाहीच, महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढून थोडी चार्ज करा. उन्हात उभ्या गाडीवर लावून ठेवू नका, तापलेली लिथियम बॅटरी चार्ज करणं तिला सोसत नाही. आमच्या फेरीचा ट्रॅक मी कार्डावरून उतरवून ठेवलाय, जेट्टी आणि ती पाखाडी दोन्ही मार्क केलेत, ज्यांना हवा असेल त्यांनी सांगा.