हललेला स्क्रू आणि कमरेतला बेंचमार्क

कमरेचे मणके जुळवायच्या पहिल्या ऑपरेशनला चार वर्षं झाली होती आणि माझ्या कमरेतला एक स्क्रू हलत होता. मला ते कळत होतं, एक्स-रेला कळत नव्हतं. कुशीवर वळताना, खुर्चीतून उठताना आत काहीतरी कचकन सरकायचं आणि उजव्या कुल्ल्यात कळ जायची. दोन ठिकाणी दाखवलं. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं: सगळं जागेवर आहे, वजन उतरवा, व्यायाम करा. व्यायाम केले. कळ वाढली.

तिसऱ्या सर्जननी सीटी स्कॅन करायला लावला. पडद्यावर एकेक काप पुढे सरकवत ते एका जागी थांबले. माकडहाडाच्या वरच्या तिकोनी हाडातल्या, म्हणजे सेक्रममधल्या, उजव्या एस-वन (सेक्रमचा पहिला मणका) स्क्रूभोवती बारीक काळी कड होती. भिंतीतला खिळा हलून हलून भोक मोठं करतो ना, अगदी तसं. कमरेचा शेवटचा मणका एल-फाइव्ह आणि एस-वन यांच्यामध्ये हाड जुळलंच नव्हतं. स्क्रू आणि त्यांना जोडणारा रॉड हा तात्पुरता आधार असतो, मणके एकमेकांना धरेपर्यंतचा. हाड जुळलं नाही की वर्षानुवर्षं सगळा भार धातूवर येतो आणि मग स्क्रू सैल होतो नाहीतर रॉड तुटतो. जंतुसंसर्गानेही स्क्रू सैल होतात, म्हणून आधी शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या झाल्या. त्या साफ निघाल्या. हाडांच्या घनतेची डेक्सा झाली, रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघालं. सिगारेट त्याच दिवशी बंद करायला सांगितली, कारण निकोटिनने हाड जुळायला अडथळा येतो. पहिल्या वेळी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं? आता आठवत नाही.

या वेळी पकड सेक्रमवरच थांबणार नव्हती. डॉक्टरांनी टेबलावरचा प्लास्टिकचा सांगाडा पुढे ओढला. सेक्रम आतून भुसभुशीत असतं आणि वरच्या सगळ्या धडाची तरफ त्याच्यावर येते, म्हणून दोन लांब स्क्रू खाली कटीच्या हाडात न्यायचे. सेक्रममधून शिरायचं, कटीचा सांधा ओलांडायचा आणि खुब्याच्या वरच्या जाड हाडात जाऊन थांबायचं. कमरेच्या मणक्यातला स्क्रू साधारण चार-साडेचार सेंटिमीटरचा, हे त्याच्या दुप्पट. माझे ९० मिलिमीटर लांब आणि साडेआठ मिलिमीटर जाड. वाट हाडाच्या दोन भिंतींमधून जाते. पुढची भिंत फोडली तर मोठ्या रक्तवाहिन्या आणि पायाची नस. खाली घसरलं तर सायटिक नस बाहेर पडते ती खाच, तिथेही धमनी आहेच.

"आणि हे तुम्ही आत न बघता करणार?" मी विचारलं.

"बघून. पण डोळ्यांनी नाही." मग त्यांनी नेव्हिगेशन समजावलं. रुग्णाला पालथं झोपवून जखम उघडल्यावर कटीच्या हाडात एक पिन घट्ट रोवतात, तिच्यावर चमकणाऱ्या गोळ्यांची छोटी चौकट बसवतात. मग यंत्र टेबलाभोवती फिरून तिथल्या तिथे स्कॅन घेतं. वर लावलेल्या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याला त्या गोळ्या दिसतात, डॉक्टरांच्या हातातल्या हत्यारावरच्याही दिसतात. त्यामुळे हत्याराचं टोक हाडात कुठे आहे, कुठल्या दिशेला चाललंय, हे पडद्यावर स्कॅनच्या चित्रात उमटतं. माझं पहिलं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे हाडावरच्या ओळखीच्या खुणा खरवडल्या गेल्या होत्या, सगळीकडे व्रणाची गाठ होती. तिथे हे जास्तच कामाचं.

मी पंचवीस वर्षं बांधकामाच्या साइटवर टोटल स्टेशन, म्हणजे कोन-अंतर मोजणारी दुर्बीण, लावून मोजमाप करतोय. माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. गोळ्या म्हणजे आमची प्रिझम, ज्यांच्यावर दुर्बिणीचा नेम धरतो ती, आणि ती चौकट म्हणजे बेंचमार्क, बाकी सगळं जिच्यापासून मोजायचं ती पक्की खूण. म्हणून पुढचा प्रश्न आपसूकच आला: "बेंचमार्क हलला तर?"

डॉक्टर हसले. "तर पडदा पूर्ण आत्मविश्वासाने खोटं सांगतो. म्हणून मी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही, मध्ये मध्ये तपासतो."

या उत्तराने माझा होकार पक्का झाला. यंत्र कधी चुकत नाही असं ते म्हणाले असते, तर मी चौथा सर्जन शोधला असता.

ऑपरेशनच्या दिवसाचं मला आठवतं ते एवढंच: स्ट्रेचरवरून वर बघताना दिसलेला तो दोन डोळ्यांचा कॅमेरा आणि खूप थंडी. बाकीचं नंतर डॉक्टरांनी सांगितलेलं. स्कॅनच्या वेळी सगळे शिशाच्या आडोशामागे गेले आणि भूलतज्ज्ञांनी तेवढ्यापुरता माझा श्वास थांबवून धरला, म्हणजे चित्र हलू नये. जुने स्क्रू निघाले, एस-वनला जाडे बसले, डावा लांब स्क्रू गेला. उजव्याच्या आधी डॉक्टरांनी सवयीप्रमाणे हत्याराचं टोक हाडाच्या ओळखीच्या उंचवट्यावर टेकवलं. टोक हाडावर होतं, पडद्यावर मात्र ते हाडापासून तीनेक मिलिमीटर दूर हवेत तरंगत होतं. चौकटीला कुणाचा तरी कोपर लागला असणार. साइटवर ट्रायपॉडला पाय लागतो तसाच. त्यांनी काम थांबवलं, चौकट पुन्हा आवळली आणि दुसरा स्कॅन घेतला. त्यात आधी बसलेले स्क्रूही तपासून झाले. ते जागेवर होते. मग उजवा घातला. शेवटी मणक्यातल्या स्क्रूंना बारीक वीज देऊन पायाच्या स्नायूंत काही उमटतं का ते पाहिलं. अगदी कमी विजेलाच पाय उडाला तर स्क्रू नसेच्या अंगाला लागल्याचा संशय घ्यायचा असतो.

किरणोत्सर्गाचा जास्तीचा डोस मला मिळाला, हे खरंच. पण चुकीच्या नकाशावर ९० मिलिमीटरचा स्क्रू जाण्यापेक्षा तो परवडला.

माझी तक्रार वेगळीच आहे. बायकोला चार तास सांगितले होते, लागले सात. मधल्या तीन तासांत कुणी दार उघडून "थोडा उशीर होतोय, काळजी करू नका" एवढंही म्हणालं नाही. खिडकीपाशी विचारलं तर "चालू आहे" एवढंच. तिने ते तीन तास कसे काढले हे ती अजून नीट सांगत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा चेहरा सुजून भोपळा झाला होता. इतके तास पालथं झोपल्यावर तसं होतं म्हणे. कुणीतरी म्हणालं, "पायाचे अंगठे हलवा." हलले. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहिलो. पाठ वाकवायची नाही, पीळ द्यायचा नाही, ओंडका लोटल्यासारखं सगळं अंग एकदम कुशीवर वळवायचं. भेटायला आलेला जो तो एकच विचारी, "रोबोटने केलं का?" पहिल्या चार जणांना मी टोटल स्टेशनपासून समजावलं. मग नुसतं हो म्हणायला लागलो.

ती कचकन सरकण्याची जाणीव पहिल्याच आठवड्यात गेली. त्या जागी दुखत होतं, पण ते जखमेचं दुखणं, रोज थोडं उतरणारं. सहा महिन्यांनी सीटी झाला. स्क्रूभोवती काळी कड नाही, एल-फाइव्ह आणि एस-वनमध्ये हाडाचा पूल धरायला लागलाय, पण अजून पूर्ण नाही. पुढचा स्कॅन वर्ष झाल्यावर. तोवर वजन उचलायचं नाही, साइटवर फक्त उभं राहायचं. डावा मोजा पाय मांडीवर घेऊन माझा मी घालतो. उजवा बायको घालते.