ग्रामसभेत दवाखाना अन् ठाणेदार

"दवाखान्यात कोणी राहत नाही, पोलीस फिरत नाहीत" एवढंच म्हटलं की प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या नोंदवहीत) "चर्चा झाली" लिहून विषय संपतो. नेमकं विचारा.

आधी कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, पाहा: 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा. कोरमअभावी तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेला कोरम लागत नाही, आणि नको ते ठराव बहुतेक तिथंच पास होतात.

पेरणीच्या दिवसांत पहिला प्रश्न सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या इंजेक्शनचा. आरोग्य केंद्रात कुप्या किती, मुदत कधीची, रात्री टोचणार कोण? विष चढलेल्या रुग्णाला पहिल्याच डोसाला 8 ते 10 कुप्या लागतात. कपाटात तीनच असतील तर "साठा आहे" या उत्तराला काही अर्थ नाही. रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करताना गावासोबत तालुकाही सांगा. वडगाव, पिंपळगाव जिल्ह्यात दोन-चार तरी निघतातच.

विहिरीवरची मोटर, केबल चोरीला गेली की ठाण्यात साधा अर्ज घेऊन परत पाठवतात. पाच हजार किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालाची चोरी दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना तो नोंदवावाच लागतो; एफआयआरच मागा, तिची प्रत फुकट मिळते. मोटरचा नंबर अन् बिल घरी ठेवा, नाहीतर माल सापडला तरी आपला म्हणून ओळखवायचा कसा? पोलीस पाटलानं ठाण्याला खबर द्यायची असते, गुन्हा मिटवायचा नसतो.

ठरावात सूचक, अनुमोदक अन् मुदत लिहून घ्या. प्रत तालुका आरोग्य अधिकारी व ठाणेदाराला द्या, पोच घ्या. कोऱ्या पानावर सही करू नका.